गिटारचा आवाज गळतो कुठे?

हातात घेऊन वाजवली की गिटार गोड वाजते. तीच गिटार केबल लावून स्पीकरवर ऐकली की आवाज पातळ होतो, टणटणतो, प्लास्टिकचा वाटायला लागतो. जाड तारा कुठेतरी हरवतात आणि नखाचा खरखराट मात्र खणखणीत ऐकू येतो. अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. त्यावरचा सल्लाही ठरलेला: पिकअप बदलून टाक.

पॉडकास्टमध्ये या विषयावर बोलताना आकडे आले की ऐकणाऱ्याची तारांबळ उडते. म्हणून ते इथे निवांत मांडतोय. सांगायचं एवढंच आहे, की पिकअप स्वतः क्वचितच बिघडतो. बिघडतात ते त्याच्या दोन्ही बाजूंचे सांधे. एका बाजूला लाकूड आणि तार, दुसऱ्या बाजूला वायर आणि प्रीअँप. हे सांधे तपासायला फारसा खर्च नाही आणि गिटारला नवं भोकही पाडावं लागत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण नीट सांभाळलेली गिटार पन्नास वर्षं टिकते, तिच्यातलं सर्किट एवढं टिकत नाही. सर्किट चार वेळा बदलता येईल. लाकडात एकदा पाडलेलं भोक मात्र कायमचं.

सॅडलखाली काय असतं?

गिटारच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्यात हाडाची किंवा प्लास्टिकची एक पांढरी पट्टी बसवलेली असते. तिला सॅडल म्हणतात. बहुतेक अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटारमध्ये या सॅडलखाली, खाचेच्या तळाशी, एक बारीक लांबट पिकअप दडलेला असतो. तो पिएझो जातीचा.

पिएझो म्हणजे दाबला की विद्युतभार देणारा पदार्थ. क्वार्ट्झसारख्या स्फटिकांचा हा गुण झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला. तुमच्या आईच्या स्वयंपाकघरातला टक्‌टक् वाजणारा गॅस लायटर आठवा. त्यात बॅटरी नसते. आतली स्प्रिंगची हातोडी पिएझोच्या तुकड्यावर आपटते, क्षणभर हजारो व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी उडते. गिटारमध्ये हातोडीच्या जागी तारेची थरथर असते. दाब सतत कमीजास्त होतो आणि त्याबरोबर विद्युतभारही.

इथे इलेक्ट्रिक गिटारपेक्षा एक मूलभूत फरक आहे. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तारेची कॉइल. पिएझो मात्र वागतो कपॅसिटरसारखा. म्हणून इलेक्ट्रिक गिटारवर शिकलेले नियम इथे लावले की घोळ होतो. ‘मॉडिफिकेशन’ करून गिटार आणखी बिघडवण्याचे बरेच प्रकार इथूनच सुरू होतात.

फुलपात्र आणि भोक

पिएझो म्हणजे एक लहानसं फुलपात्र आहे असं समजा. तार थरथरली की त्यात थोडं पाणी पडतं, परत उपसलं जातं, पुन्हा पडतं. पाणी म्हणजे विद्युतभार, आणि पाण्याची पातळी म्हणजे व्होल्टेज. पुढचं सर्किट ही पातळी बघतं आणि तिचा आवाज करतं.

पण बघण्यासाठी त्याला फुलपात्राला एक भोक पाडावं लागतं. हे भोक म्हणजे सर्किटचा इनपुट इम्पिडन्स. इम्पिडन्स जास्त असेल तर भोक सुईच्या टोकाएवढं, कमी असेल तर बोटाएवढं. भोक मोठं असलं की पाणी झरझर गळतं. वरचे स्वर सेकंदाला हजारो वेळा भरतात आणि उपसतात, त्यामुळे गळायला वेळच मिळत नाही. खालचे स्वर सावकाश भरतात. पातळी वर येईपर्यंत पाणी निघून गेलेलं असतं. म्हणून आधी बास जातो आणि नखाचा खरखराट शिल्लक राहतो.

आता आकडे. सॅडलखालच्या पिकअपची कपॅसिटी साधारण काहीशे पिकोफॅरडपासून हजार-दीड हजारापर्यंत असते. आपण ५०० पिकोफॅरड धरू. कोणत्या कंपनसंख्येखाली आवाज गळू लागतो, हे काढायला रेझिस्टन्स आणि कपॅसिटी यांचा गुणाकार करायचा, त्याला ६.२८ ने गुणायचं आणि एकाला त्या संख्येनं भागायचं.

- १० मेगाओहमचा इनपुट असेल तर उत्तर येतं सुमारे ३२ हर्ट्झ. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार ८२ हर्ट्झची. तिचा मूळ स्वर ९० टक्क्यांहून जास्त पोचतो.
- १ मेगाओहमचा इनपुट असेल तर उत्तर सुमारे ३१८ हर्ट्झ. सर्वांत बारीक मोकळी तार ३३० हर्ट्झची आहे. म्हणजे ती सोडून उरलेल्या पाचही मोकळ्या तारांचे मूळ स्वर गळतीच्या पट्ट्यात आले. जाड तारेचा मूळ स्वर चौथ्या हिश्शावर येतो.
- मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला १० किलोओहम धरले, तर उत्तर सुमारे ३२,००० हर्ट्झ. हे माणसाच्या कानाच्या टप्प्याच्याही वर. सगळीच गिटार गळाली.

पिकअप तोच, तार तीच, वाजवणारा हातही तोच. बदललं ते फक्त भोक.

मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा युनिव्हर्सिटीच्या दिवाळीच्या कार्यक्रमात हे हमखास दिसतं. कुणाच्या तरी गिटारचा कारखान्यात बसवलेला प्रीअँप बंद पडलेला असतो. कुणी तरी तो काढून पिकअपची वायर थेट जॅकला जोडलेली असते. हॉलच्या मिक्सरमध्ये केबल खुपसली की चिवचिवाट ऐकू येतो आणि खापर पिकअपवर फुटतं.

याउलट, घोडीच्या खाली, गिटारच्या आतून चिकटवायच्या पितळी चकत्या असतात. २७ मिलिमीटरच्या एका चकतीची कपॅसिटी साधारण २०,००० पिकोफॅरड. हे फुलपात्र नाही, चांगली कळशी आहे. १ मेगाओहमचं भोक तिला काहीच करत नाही. गळती सुरू होते ती ८ हर्ट्झच्या खाली. म्हणून असे चकत्यांचे पिकअप प्रीअँपशिवायही चालतात, आणि सॅडलखालचे चालत नाहीत.

नॉब आणि केबल

यातून दोन गोष्टी आपोआप कळतात.

पहिली, व्हॉल्यूम नॉबची जागा. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ५०० किलोओहमचा नॉब पिकअपनंतर लगेच जोडतात. तसाच तो पिएझोला जोडला तर गळती सुमारे ६४० हर्ट्झपासूनच सुरू होते. पिएझोच्या गिटारमध्ये व्हॉल्यूमचा नॉब प्रीअँपच्या नंतर लागतो, आधी कधीच नाही.

दुसरी, केबल. इलेक्ट्रिक गिटारवाले सांगतात की लांब केबलनं वरचे स्वर मरतात. पिएझोचं तसं नाही. केबलचीही स्वतःची कपॅसिटी असते, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. पाच मीटरची केबल म्हणजे आपल्या फुलपात्राला जोडलेलं तेवढंच दुसरं फुलपात्र. पाणी दोघांत वाटलं जातं, पातळी निम्मी होते. सगळे स्वर सारखेच हळू होतात, सूर बदलत नाही. उलट पाणी साठवायला जागा दुप्पट झाल्यामुळे बास थोडा सुधारतो. पण निम्म्या आवाजावर सगळा कार्यक्रम काढायचा म्हणजे मिक्सर वाढवावा लागतो आणि त्याबरोबर सूंसूं आवाजही वाढतो. म्हणून प्रीअँप पिकअपच्या जितका जवळ, गिटारच्या आतच, तितकं बरं.

‘क्वॅक’ म्हणजे काय

पातळपणा हे एक दुखणं झालं. दुसरं म्हणजे जोरात स्ट्रम केलं की बदकासारखा निघणारा आवाज. इंग्रजीत वादक याला क्वॅक म्हणतात.

त्याची दोन कारणं आहेत. एक तर मायक्रोफोन गिटारची हवा ऐकतो. सॅडलखालचा पिकअप तारेचा धक्का ऐकतो, तबलीनं त्याचा गोड आवाज करण्याच्या आधीच. तबली म्हणजे गिटारची वरची पातळ फळी. सतार-तंबोऱ्यात तिला हेच नाव आहे. दुसरं कारण सर्किटचं आहे. जोराच्या आघाताला पिएझो क्षणभर काही व्होल्ट देतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवरच्या प्रीअँपला वरखाली हलायला जेमतेम तीन-साडेतीन व्होल्टांची जागा असते. त्यापलीकडचं सगळं सपाट कापलं जातं.

यावरचा उपाय काही पैशांचा आहे: पिकअपला समांतर एक छोटा कपॅसिटर. पिकअप ५०० पिकोफॅरडचा असेल तर तेवढाच कपॅसिटर जोडला की पातळी निम्मी होते. केबलच्या बाबतीत जे नको होतं तेच इथे हवं आहे. बास जात नाही, आणि प्रीअँपला श्वास घ्यायला जागा मिळते. दुसरा उपाय म्हणजे दोन बॅटऱ्या जोडून १८ व्होल्ट देणं, पण त्याआधी सर्किटमधले भाग तेवढं सोसतात का, ते बघावं लागतं.

आणि याही आधी बॅटरी बदला. उतरलेली बॅटरी नेमकं असंच फाटक्या आवाजात बोलते.

प्रीअँप बदलताना

कारखान्यातला प्रीअँप बहुधा गिटारच्या कडेला, चौकोनी भोकात बसवलेल्या डबीत असतो. स्लायडर असतात, ट्यूनर असतो. या भोकाचं एकच ठरलेलं माप नाही. दुसऱ्या कंपनीची डबी घ्यायची तर भोकाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजूनच घ्या. कडेचं लाकूड कापून भोक मोठं करायची वेळ आली तर थांबा. जुनी डबी जागीच राहू द्या, झाकण म्हणून. तिची वायर सोडवा आणि नवा छोटा प्रीअँप आत, जॅकपाशी बसवा. उद्या विचार बदलला तर सगळं जसंच्या तसं परत लावता येतं.

प्रीअँप स्वतःही करता येतो. एक जेफेट ट्रान्झिस्टर, इनपुटला १० मेगाओहमचा रेझिस्टर, आणखी दोन-तीन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर एवढ्यात काम होतं. असं सर्किट अर्धा मिलिअँपच्या आसपास करंट घेतं. ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँप-तास असतात, म्हणजे हजारेक तासांची बेगमी. चिप वापरायची असेल तर टीएल०७२ आणि टीएल०६२ या दोन नेहमीच्या. पहिली शांत आहे पण खादाड: सुमारे २.८ मिलिअँप, म्हणजे १८० तासांच्या आसपास. दुसरी ०.४ मिलिअँपवर भागवते, पण तिची सूंसूं दुपटीहून जास्त. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यानं पहिली घ्यावी. कार्यक्रमाच्या दिवशी बॅटरी आणायला विसरणाऱ्यानं दुसरी.

जॅक मात्र स्टिरिओ लागतो. गिटारचा आवाज मोनो असतो, मग स्टिरिओ कशाला? कारण मधल्या कडीला बॅटरीची ऋण बाजू जोडलेली असते. साधा मोनो प्लग आत गेला की तो मधली कडी आणि बाहेरची बाजू एकत्र जोडतो आणि सर्किट चालू होतं. जॅक हाच स्विच आहे. म्हणून वाजवून झालं की केबल काढा, नाहीतर बॅटरी रात्रभर जळते. आणि स्टिरिओ केबल लावली तर बरेचदा गिटार मुकीच राहते, ती याच कारणानं.

सोल्डर करताना एक पथ्य पाळायचं. पिएझोला उष्णता सोसत नाही. सिरॅमिकचा पिकअप प्रमाणाबाहेर तापला तर त्याचा गुण कायमचा जातो, आणि प्लास्टिकच्या फिल्मचा तर आणखी कमी तापमानाला जातो. इस्त्री वायरच्या टोकाला लावा, दोन-तीन सेकंदांत उचला, पिकअपला तिचा स्पर्शही नको.

लाकडाच्या बाजूचा सांधा

तिसरं दुखणं असं, की एक तार मोठ्यानं बोलते आणि शेजारची पुटपुटते. इथे सर्किटचा काही संबंध नसतो. सॅडल पिकअपवर सगळीकडे सारखं टेकत नसतं.

मिरजेच्या कारागिराला हे सांगावं लागणार नाही. तंबोऱ्याची जवारी लावताना तो घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा घासतो आणि आवाज बदलतो. तिथे घोडीचा माथा महत्त्वाचा, इथे सॅडलचा तळ, पण धडा एकच: दोन पृष्ठभाग कुठे आणि कसे भेटतात, यावर आवाज ठरतो.

सॅडल बाहेर काढा आणि तळ सरळ पट्टीवर उजेडासमोर धरा. फट दिसली तर सपाट काचेवर चिकटवलेल्या बारीक सँडपेपरवर सरळ उभं धरून हळूहळू घासा. सॅडल खाचेत बोटानं घालता आलं पाहिजे आणि डुगडुगायलाही नको. घट्ट बसलं तर दाब खाली पोचतच नाही. खाचेची रुंदी बहुतेक वेळा २.४ किंवा ३.२ मिलिमीटर असते. नवा पिकअप घ्यायचा तर आधी ती मोजा. आणि आधी पिकअप नसलेल्या खाचेत तो नव्यानं घालणार असाल तर त्याच्या जाडीएवढं सॅडल खालून कमी करावं लागतं, नाहीतर तारा उंच होऊन बोटं सोलतात.

देश बदललेल्या माणसासाठी यात आणखी एक मुद्दा आहे. मुंबईच्या दमट हवेत वाढलेली गिटार दुबईच्या एसीत किंवा मिनेसोटाच्या हिवाळ्यात हीटरशेजारी आली की लाकूड आक्रसतं. तबली किंचित खाली बसते, घोडीचा कोन बदलतो, आणि काल एकसारखा वाजणारा पिकअप आज दोन तारा गिळतो. गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता बरी समजतात. पेटीत आर्द्रता राखणारी पिशवी ठेवा, दोन आठवडे थांबा, मग काय ते ठरवा.

घरघर आणि अर्थिंग

चौथं दुखणं घरघर. ब्रिटनमध्ये ती ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० हर्ट्झची. विजेच्या तारांतून ती हवेत पसरते, आणि पिएझोची उच्च इम्पिडन्सची वायर अँटेनासारखी ती पकडते. गिटारच्या आतली वायर शील्डेड हवी आणि शील्ड जॅकच्या बाहेरच्या बाजूला नीट सोल्डर केलेली हवी. जॅकच्या सैल नटमुळेही घरघर येते. आधी तो आवळा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. घरघर जावी म्हणून अँपच्या मेन्स प्लगचं अर्थिंग काढू नका. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्यानं गेला. गिटारमधली ९ व्होल्टची बॅटरी कुणाला काही करत नाही, भिंतीतली वीज करते. घरघर तोडायची असेल तर डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते सिग्नलची जमीन तोडतं, मेन्सची नाही.

कुठल्या क्रमानं जायचं

आधी नवी बॅटरी घाला. मग जॅक आवळा आणि दुसरी केबल लावून बघा. मग १० मेगाओहम इनपुटचा डीआय बॉक्स किंवा पेडल कुणाकडून तरी उसना आणा, आणि प्रीअँप मेलेला असेल तर पिकअप थेट त्याला जोडून ऐका. बास परत आला तर पिकअप ठणठणीत आहे, तुम्हाला फक्त प्रीअँप हवा आहे. मग सॅडलचा तळ आणि खोलीची हवा बघा. त्यानंतर मल्टिमीटर: पिकअप सर्किटमधून सोडवून कपॅसिटी मोजा. काहीशे पिकोफॅरड दिसले तर तो जिवंत आहे. रेझिस्टन्सच्या रेंजवर मात्र मीटरनं ‘हद्दीबाहेर’ असंच दाखवायला हवं. काही किलोओहम दिसले तर कुठेतरी शॉर्ट किंवा ओल आहे. एवढं सगळं होऊनही आवाज पटला नाही, तरच नव्या पिकअपला पैसे घाला.

काम संपलं की एक कागद घ्या. पिकअपची मोजलेली कपॅसिटी, कुठली वायर कुठे जोडली, कुठला कपॅसिटर घातला आणि तारीख, एवढं लिहा. घडी करून जुन्या डबीच्या मागे चिकटवून टाका. गिटार उद्या धाकट्या भावाकडे जाईल, परवा सेकंडहँड विकली जाईल. पुढचा माणूस डबी उघडेल तेव्हा त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.